रोज तेच जेवते, आणि बरी आहे

मराठीत जेवणाच्या त्रासाला किती शब्द आहेत, मोजून पाहा. नखरे. चोचले. लाड. थेर. फारच राग आला तर अन्नाचा माज. यातला एकही शब्द आजाराचा नाही, सगळे चारित्र्याचे आहेत. ताप आलेल्या पोराला कुणी ‘माजलाय’ म्हणत नाही. पण एखाद्या मुलीला समोरची भाजी बघून उमळ आली, की अख्खं घर तिचे संस्कार तपासायला बसतं.

मी ऑटिस्टिक आहे. पुसदला वाढले, बारावीनंतर शिकायला पुण्याला गेले आणि तिथे दुसऱ्या वर्षाला खाणं इतकं कमी झालं की दवाखान्यात भरती व्हावं लागलं. ऑटिझमचं निदान त्याच्याही तीन वर्षांनंतरचं. आज मी रोज तीन वेळा पोटभर जेवते. जवळजवळ रोज तेच जेवते. माझं भांडण इथूनच सुरू होतं, कारण नातेवाइकांच्या, काही डॉक्टरांच्या आणि इन्स्टाग्रामवरच्या रिकव्हरीवाल्यांच्याही मते ‘रोज तेच’ खाणारी मुलगी अजून बरी झालेली नाही. माझ्या मते झालेली आहे. ज्यांचा मेंदू बहुसंख्यांपेक्षा वेगळ्या रीतीने चालतो, म्हणजे ऑटिझमवाले, एडीएचडीवाले, ज्यांना एकत्रितपणे न्यूरोडायव्हर्जंट म्हणतात, त्यांना खाण्याच्या आजारातून बाहेर काढायचं असेल तर त्यांना सगळ्यांसारखं जेवायला लावायचा हट्ट आधी सोडावा लागतो. उपासमारीवर उपचार करा, भीतीवर करा. ऑटिझमवर करायला जाऊ नका, त्याने माणूस आणखी उपाशी राहतो.

वांग्यापासून सुरुवात करू. आमच्याकडे वांगं न खाणं म्हणजे जवळजवळ राजद्रोह. लग्नाची पंगत असो नाहीतर शेतातले रोडगे, भाजी वांग्याचीच. आता माझ्या तोंडात काय होतं ते ऐका. साल एका जातीचं, आतला गर दुसऱ्या जातीचा, मध्ये बारीक बिया, आणि हे तिन्ही एकाच घासात. चव आवडत नाही असं नाही हो, चवीपर्यंत मी पोचतच नाही. त्याआधीच घसा बंद होतो. त्यात पंगतीत स्टीलच्या ताटांचा आवाज, कानाशी बँड, भाजीचा रस्सा वाहत वाहत भातात शिरलेला, आणि वाढणारी मोठी आई कमरेवर हात ठेवून उभी: “काहून वं, भाजी काहून नाई घेतली? चाखून तं पाह्य!” तिच्या मनात काडीचाही दुष्टावा नसतो. आग्रह हे आमच्याकडचं प्रेम आहे, म्हणून तर त्याच्याशी भांडता येत नाही. शत्रूने आग्रह केला असता तर सोपं गेलं असतं.

या प्रकाराला डॉक्टरी पुस्तकात नाव मिळालं ते २०१३ साली. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या डीएसएम-५ या पुस्तकात ‘अर्फिड’ नावाचा आजार आला: पोत, वास, रंग सहन होत नाही म्हणून, किंवा घास अडकेल, उलटी होईल या भीतीने, किंवा खाण्यात रसच नसल्याने माणूस इतकं कमी किंवा इतकं मोजकं खातो की वजन, पोषण, रोजचं जगणं बिघडतं. यात बारीक व्हायची इच्छा नसते. आरशाचा संबंध नसतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत तो आयसीडी-११ मधून आला आणि ती यादी २०२२ पासून लागू झाली. म्हणजे माझ्या शाळेच्या डब्यावरून वर्गात हशा पिकायचा, त्या काळात निम्म्या डॉक्टरांकडेही या गोष्टीला शब्द नव्हता. त्यामुळे मोठ्या आईला मी दोष देत नाही. आता शब्द आहे. आता मात्र सवलत संपली.

अर्फिड आणि अ‍ॅनोरेक्सिया वेगळे, हे खरं. पण माणसाच्या आयुष्यात ते कप्पे करून येत नाहीत. हॉस्टेलच्या मेसमध्ये आज काय असेल ते ताट हातात येईपर्यंत कळायचं नाही. भाजीत कधी मटकी, कधी सोयाबीनच्या वड्या, आणि शंभर मुलींचा कालवा. हळूहळू मी खायच्या गोष्टी कमी केल्या. कमी केल्यावर शांत वाटलं. मग नियम केले. ऑटिस्टिक मेंदूला नियम म्हणजे आडोसा असतो. आणि आपल्या समाजाकडे न खाण्याच्या नियमांची काही कमतरता आहे का? संकष्टी आहे, एकादशी आहे, नवरात्राचे नऊ दिवस आहेत, सोमवार आहे, गुरुवार आहे. वर व्हॉट्सअ‍ॅपवर दिवसातून दोनदाच जेवा म्हणणारे काका आहेतच. वयात आलेली मुलगी भात सोडते तेव्हा आपण काळजी करत नाही, कौतुक करतो. “किती कडक करते बाई!” उपवासाच्या नावाखाली महिनोन् महिने उपाशी राहता येतं आणि कुणाच्या कपाळावर आठी पडत नाही, ही सोय जगात फार ठिकाणी नसेल.

पुढे चक्कर येऊन पडले तेव्हा ज्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी विचारलं, “स्वतःला जाड समजतेस का?” मी म्हटलं, नाही. ते खरंच होतं. आम्हाला विचारलेल्या प्रश्नाचं आम्ही शब्दशः उत्तर देतो. कागदावर ‘नाही’ची खूण झाली, पित्ताच्या गोळ्या मिळाल्या, टेन्शन घेऊ नकोस असा सल्ला मिळाला.

हा प्रश्न एकटाच दार राखत बसलेला असतो, ही माझी पहिली तक्रार. दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी, खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी, १९९५ साली पाच तरुणींच्या केसेस प्रसिद्ध केल्या होत्या. त्या मुली खात नव्हत्या, उलट्या होत होत्या, वजन घसरलं होतं, पाळी थांबली होती. पण पाश्चात्त्य पुस्तकात लिहिलेली ‘मी जाड आहे’ ही समजूत त्यांच्यात दिसत नव्हती. हाँगकाँगमध्ये सिंग ली नावाच्या मानसोपचारतज्ज्ञानेही त्याच सुमारास हेच मांडलं होतं, की जाडीची भीती नसलेला अ‍ॅनोरेक्सिया असतो. त्या पाचजणी ऑटिस्टिक होत्या असं मी म्हणत नाही, तसं म्हणायला काही आधार नाही. पण तीस वर्षांपूर्वी आपल्याच देशातल्या डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की या घराला दुसरंही दार आहे, आणि आपण अजून त्याच एका दारावर पाटी वाचत उभे आहोत.

ऑटिझमचा धागा तर त्याहून जुना. स्वीडनच्या क्रिस्टोफर गिलबर्ग यांनी १९८३ सालीच ब्रिटिश जर्नल ऑफ सायकियाट्रीत प्रश्न टाकला होता, की ऑटिझम आणि अ‍ॅनोरेक्सिया यांचं काही नातं आहे का. पुढच्या काळात झालेल्या पाहण्यांचे आकडे कमीजास्त आहेत, पण अ‍ॅनोरेक्सियासाठी उपचार घेणाऱ्या स्त्रियांपैकी साधारण २० ते ३० टक्क्यांमध्ये ऑटिझमची ठळक लक्षणं दिसतात, असं त्यातून पुढे आलं. चार-पाच जणींत एक. एडीएचडीचं नातं जास्त करून दुसऱ्या टोकाशी आहे: दिवसभर जेवायचं भानच नाही, औषध चालू असेल तर त्याने भूक आणखी मेलेली, आणि रात्री औषध उतरलं की फ्रिजसमोर उभं राहून ताबा सुटेपर्यंत खाणं, मग लाज. त्या लाजेवर आपल्याकडे एकच उतारा मिळतो: मनावर ताबा ठेव. ज्या आजाराची व्याख्याच ताबा निसटणं ही आहे, त्याच्यावर ताबा ठेवायचा सल्ला! खरं तर अशा माणसाला दुपारी मोबाइलचा गजर, डोळ्यांसमोर ठेवलेला डबा आणि गोळीआधीचा भरपेट नाश्ता याने जास्त फरक पडतो.

आता उपचारांकडे येते, कारण माझा खरा राग तिथे आहे.

मी ज्या केंद्रात होते त्याचं नाव घेत नाही. माणसं चांगली होती. पद्धत सगळ्यांसाठी एकच होती. रोज नवीन पदार्थ, कारण विविधता म्हणजे प्रगती. माझा दही-भात, साधी पोळी आणि एका ठरावीक कंपनीचं बिस्कीट पहिल्याच दिवशी बंद केलं, कारण ते म्हणे आजाराला खतपाणी. जेवताना वातावरण हलकं राहावं म्हणून गाणी लावायचे. जेवणानंतर गोलात बसून आत्ता काय वाटतंय ते सांगायचं. मला काय वाटतंय ते मला दोन दिवसांनी कळतं. बऱ्याच ऑटिस्टिक लोकांचं असंच असतं. फाइलवर शेरा पडला: सहकार्य करत नाही. तीन आठवड्यांत माझं वजन आणखी उतरलं, त्याचं खापरही माझ्याच इच्छाशक्तीवर.

आणि ते लाडकं वाक्य: शरीराचं ऐका. रिकव्हरीच्या प्रत्येक रीलमध्ये, मागे पियानो वाजत, हे वाक्य असतं. माझं शरीर बोलत नाही हो. भूक, तहान, लघवी, थकवा यांचे आतले निरोप काही मेंदूंपर्यंत नीट पोचत नाहीत किंवा फार उशिरा, फार मोठ्याने पोचतात. मला भूक ‘भूक’ म्हणून लागत नाही. डोकं दुखतं, प्रकाश टोचायला लागतो, कुणावर तरी खेकसावंसं वाटतं. मी शरीराचं ऐकत बसले असते तर आज हे लिहायला नसते. मी घड्याळाचं ऐकते. साडेआठ, दीड, साडेआठ. त्या केंद्रात याला ‘ताठरपणा’ म्हणायचे. मी याला चष्मा म्हणते. डोळ्यांचं ऐकून नंबर जात नाही.

ज्या आहारतज्ज्ञ मुलीने पुढे मला बाहेर काढलं, तिने पहिल्या भेटीत एवढंच विचारलं: “सगळ्यात वाईट दिवशीसुद्धा तू काय खाऊ शकतेस?” मी चार गोष्टी सांगितल्या. तिने त्याच चार गोष्टींची तिन्ही जेवणं आखली, प्रमाण वाढवत नेलं, रक्ताच्या तपासण्या करून लोह आणि बी-१२ वेगळं दिलं. सहा महिने एकही नवा पदार्थ नाही. मग एका वेळी एकच बदल: साध्या पोळीला तूप, दह्याच्या जागी ताक, भात तोच. याला फूड चेनिंग म्हणतात, ओळखीच्या पदार्थाचं बोट धरून शेजारच्या पदार्थाकडे जाणं. आज माझ्या यादीत चौदा पदार्थ आहेत. वांगं नाही. येणारही नाही.

याला लाड म्हणणाऱ्यांसाठी लंडनचं उदाहरण. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत, साउथ लंडन अँड मॉडस्ली या रुग्णालयसंस्थेत, प्राध्यापक केट चँटुरिया यांच्या पुढाकाराने ‘पीस पाथवे’ नावाची पद्धत उभी राहिली, खास ऑटिझम आणि खाण्याचा आजार दोन्ही असलेल्यांसाठी. वॉर्डातले भडक रंग काढून सौम्य केले. साध्या चवीचा, आधी सांगितल्याप्रमाणेच येणारा वेगळा मेन्यू केला. प्रत्येक रुग्णाची एक चिठ्ठी, मला कसं विचारलेलं चालतं, काय सहन होत नाही ते लिहिलेली, म्हणजे दर नव्या नर्सला पुन्हा पहिल्यापासून सांगायला नको. त्यांच्याच अभ्यासात ऑटिस्टिक रुग्णांचं भरती राहणं कमी झालं आणि पैसेही वाचले. यात कोणतं यंत्र लागलं? रंग, कागद आणि थोडं ऐकून घेणं.

“म्हणजे काय, आयुष्यभर बिस्किटावर ठेवायचं?” हा प्रश्न येतोच आणि तो रास्त आहे. क्रम पाहा. आधी पुरेसं, मग वेगवेगळं. उपाशी मेंदूला विविधता शिकवता येत नाही. आणि इथे मला माझ्याच बाजूच्या लोकांशीही भांडायचंय. ऑनलाइन एक नवं टोळकं तयार झालंय, ज्यांच्या मते खाण्यातलं सगळंच ‘माझी ओळख’ आहे, कुणी काही बोलायचं नाही. छान. पण यादी दहाची सात आणि सातची चार होत चालली असेल, तर ती तुमची ओळख नसून आजार तुमच्या ओळखीचे कपडे घालून बसलेला असतो. रोज तेच खाणं आणि रोज थोडं कमी खाणं यात फरक आहे, आणि तो फरक आतून बघणाऱ्याला फार उशिरा दिसतो. चक्कर, छातीत धडधड, थंड पडलेले हात, थांबलेली पाळी असेल तर डॉक्टर हवा, त्याच दिवशी हवा. आणि घरच्यांनो, बरेच दिवस उपाशी असलेल्याला एकदम कोंबून खाऊ घालू नका. रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम घसरून हृदयावर बेततं. प्रेमानेच घास भरवला होता, हे हृदयाला कळत नाही.

पण डॉक्टर कुठे आहे? पुसदहून यवतमाळचं वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभरेक किलोमीटर. नागपूर त्याच्या अडीचपट. रेल्वेची आम्ही अजून वाटच बघतोय. आणि आमच्या जिल्ह्यात मानसिक आरोग्य म्हटलं की एकच विषय निघतो, शेतकरी आत्महत्या. निघायलाच हवा. आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांसाठी सरकारने प्रेरणा प्रकल्प आणला, आशाताई घरोघरी जाऊन घरात कुणी खचलंय का विचारू लागल्या, हे मोलाचं काम आहे. पण त्याच घरात कोपऱ्यात बसलेली, फक्त भात-मीठ खाणारी नातही असते. तिच्याबद्दलचा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नाही.

यावर मला हमखास ऐकवलं जातं, की ही श्रीमंतांची दुखणी, इथे लोकांना खायला नाही. हे मला सगळ्यात चुकीचं वाटतं. श्रीमंत घरातलं मूल एक पदार्थ खात नसेल तर दुसरा मागवता येतो, दुसरा नाही जमला तर तिसरा फेकता येतो. मजुरी करणारी आई रेशनच्या तांदळावर किती प्रयोग करणार? पोराने थुंकलेला घास तिच्या हिशोबातला असतो. शाळेतल्या पोषण आहारात खिचडी आली आणि त्याला तिच्यातला वाटाणा सहन होत नसेल, तर त्याला दिवसातलं एक हमखास जेवण कमी. मग वजन कमी भरलं की कुपोषण म्हणून नोंद होते, आणि उपाय काय, तर तीच खिचडी जास्त! गरिबीत अर्फिड नसतो असं नाही, तिथे तो कुपोषणाच्या आकड्यात विरघळून जातो.

कायदा आपल्या बाजूने आहे, निदान कागदावर. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात ऑटिझमचं नावही नव्हतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने जे २१ प्रकार मानले त्यात ऑटिझम आहे, मानसिक आजारही आहे, आणि वाजवी सोयी नाकारणं हा भेदभाव ठरतो असंही त्यात आहे. रॅम्प आपल्याला कळतो. मग हॉस्टेलच्या मेसमध्ये भात आणि दही रोज वेगळं मिळणं, गर्दी ओसरल्यावर पंधरा मिनिटं शांतपणे जेवता येणं, डबा खोलीत नेता येणं, हा रॅम्प का नाही? मी माझ्या कॉलेजात हे लेखी मागितलं होतं. उत्तर तोंडी आलं: एकीला दिलं तर सगळ्या मागतील. मागू द्या ना. दही-भातासाठी क्रांती होणार आहे का?

तुमच्या घरात, खोलीत, ग्रुपमध्ये असं कुणी असेल तर तुम्हाला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. जेवायला काय आहे ते आदल्या दिवशी सांगा आणि सांगितलं तेच करा. गुपचूप भाजी किसून पिठात घालू नका. एकदा फसवलं की पोळीसुद्धा यादीतून जाते, कायमची. वरण वेगळ्या वाटीत द्या. शेजारी बसा, पण ताटाकडे बघू नका. मोबाइलवर काहीतरी लावून दोघं मिळून बघितलं तरी चालेल, संस्कार बिघडत नाहीत. “बारीक झालीस”, “भरलीस”, “आज छान जेवलीस” यातलं काहीही बोलू नका, तिसरंसुद्धा नाही. डॉक्टरकडे सोबत जा आणि ती अडखळली तर तिने आधी लिहून ठेवलेला कागद पुढे करा. जवळ कुणीच नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी नंबर आहे, ऑक्टोबर २०२२ पासून चालू, फुकट, मराठीतही बोलता येतं. तिथे तुम्हाला खाण्याच्या आजाराचा तज्ज्ञच भेटेल अशी अपेक्षा धरू नका, पण पुढचा दवाखाना कुठला हे विचारता येतं.

मे महिन्यात पुसदला चुलतभावाचं लग्न आहे. पाचशे पानं, भाजी अर्थातच वांग्याची. मी माझा डबा नेणार आहे आणि पंगतीत बसूनच खाणार आहे, आतल्या खोलीत नाही. मागच्या आठवड्यात मोठ्या आईला फोनवर तसं सांगितलं. ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “डबा कायले आणतं? दही-भात मीच करून ठेवतो. त्यात मोहरी टाकू का नको?”

नको, मी म्हटलं. आणि दही त्याच डेअरीचं आण.